चित्र उजळले, खेळाचे काय?

२००९ च्या जुलै महिन्यात 'द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड' या १९९० च्या संगणकीय साहसखेळाची नवी आवृत्ती प्रसिद्ध झाली. पार्श्वचित्रे नव्याने रंगवलेली होती, संगीत नव्याने ध्वनिमुद्रित केलेले होते आणि पात्रांना प्रथमच आवाज मिळाला होता. परंतु या आवृत्तीची सर्वांत मोलाची सोय कळफलकावरील एका कळीत होती. संगणकावर खेळता खेळता एफ-१० दाबले की नवे चित्र विरून जाई आणि त्याच जागी, त्याच प्रसंगात, १९९० चा मूळ पडदा उभा राही. जाड ठिपक्यांची चित्रे, मुके संवाद आणि खाली क्रियापदांची यादी. पुन्हा कळ दाबली की पुन्हा नवे रूप.

जुन्या गेमचे असे नूतनीकरण, म्हणजेच 'रीमास्टर', करण्यात काही अर्थ आहे का, हा प्रश्न गेली काही वर्षे सातत्याने विचारला जातो. एक पक्ष म्हणतो की हा आठवणींचा व्यापार आहे. जुनीच वस्तू रंग देऊन दुसऱ्यांदा विकली जाते. दुसरा पक्ष म्हणतो की हे जतन आहे. असे केले नाही तर या कलाकृती नाहीशा होतील. दोन्ही पक्षांत तथ्य आहे, पण 'नेमके काय जतन करायचे' हा प्रश्न दोघेही पुरेसा विचारत नाहीत. त्याचे उत्तर शोधण्यासाठी संगणकाच्या शंभर वर्षे आधीच्या म्हैसूरकडे पाहणे उपयोगाचे ठरते. एका राजाने रचलेल्या खेळांचे नूतनीकरण तिथे दीड शतक चालू आहे, आणि त्यातून काय टिकले व काय निसटले हे आज स्वच्छ दिसते.

म्हैसूरचे तिसरे कृष्णराज वडियार (१७९४–१८६८) यांच्या हातून इंग्रजांनी १८३१ मध्ये राज्यकारभार काढून घेतला. पुढचा बराच काळ त्यांनी कला, ग्रंथ आणि खेळ यांत घालवला. त्यांच्या आश्रयाने सिद्ध झालेल्या 'श्रीतत्त्वनिधि' या सचित्र ग्रंथाचे नऊ भाग आहेत. त्यांपैकी 'कौतुकनिधि' या भागात पटांवरचे आणि पत्त्यांचे खेळ येतात. गंजिफाच्या गोल पत्त्यांवर आधारलेली 'छद' नावाची खेळांची एक मालिकाच महाराजांनी रचली. तिच्यातील मोठ्या संचात १८ रंग आणि ३६० पानांपर्यंत मजल जाते. कायमचे हुकूम आणि कोणत्याही पानाची जागा घेणारी पाने अशा तरतुदीही तिच्यात आहेत. बावन्न पानांच्या जोडाला सरावलेल्या वाचकाने क्षणभर ३६० पाने पिसून वाटण्याची कल्पना करून पाहावी. हे खेळ राजवाड्याबाहेर फारसे गेले नाहीत, यात नवल नाही.

या ग्रंथाचे पुढे काय झाले, ते पाहण्यासारखे आहे. सचित्र मूळ प्रत म्हैसूर विद्यापीठाच्या प्राच्यविद्या संशोधन संस्थेत आहे. मुंबईच्या खेमराज श्रीकृष्णदास यांच्या श्रीवेंकटेश्वर स्टीम प्रेसने सुमारे शंभर वर्षांपूर्वी हा ग्रंथ छापला, पण त्यात केवळ देवनागरीतील संस्कृत संहिता होती. चित्रांवर उभा असलेला ग्रंथ चित्रांविना वाचकांच्या हाती पडला. हे 'श्रीतत्त्वनिधि'चे पहिले रीमास्टर म्हणता येईल. त्यामुळे ग्रंथ सर्वदूर पोहोचला, परंतु पोहोचला तो अर्धाच.

गंजिफाच्या बाबतीत नेमके उलटे घडले. तिथे चित्र टिकले. म्हैसूरचे चित्रकार रघुपती भट यांच्यासारख्यांनी ही लघुचित्रशैली पुन्हा नावारूपाला आणली. म्हैसूरच्या गंजिफाला भौगोलिक मानांकनही मिळाले. महाराष्ट्रात हीच कहाणी सावंतवाडीला घडली. १९७० च्या दशकात शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी लयाला चाललेली गंजिफा राजवाड्यात पुन्हा सुरू केली. आजही तिथल्या दरबार हॉलमध्ये कलाकार दशावतारांची पाने रंगवताना दिसतात. हे कार्य निःसंशय मोठे आहे. त्याविना ही कलाच उरली नसती.

पण ती पाने विकत घेणाऱ्यांपैकी किती जण ती खेळतात? दशावतारी गंजिफाचा संच १२० पानांचा असतो. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पाने. पाच रंगांत प्रधानाखाली दहाचे पान श्रेष्ठ मानले जाते आणि उरलेल्या पाच रंगांत क्रम उलटून एक्का श्रेष्ठ ठरतो. डाव दिवसा मांडला तर ज्याच्याकडे रामाचा राजा त्याची उतारी, आणि रात्री मांडला तर कृष्णाच्या राजाची. हातून गेलेले प्रत्येक पान लक्षात ठेवावे लागते, कारण कोणत्या रंगाचे सर्वांत वरचे पान आता कोणाकडे उरले आहे यावर सारा डाव फिरतो. स्मरणशक्तीची आणि अनुमानाची अशी कसोटी पाहणारा हा खेळ आहे. ओडिशात काही गावांतील जुनी मंडळी तो अजून खेळतात. सावंतवाडीत आणि म्हैसुरात मात्र ही पाने बहुधा चौकटीत बसवून भिंतीवर लावली जातात किंवा भेट म्हणून दिली जातात. चित्र जिवंत राहिले आणि खेळ थिजला.

याच म्हैसुरातून दुसरे उदाहरणही मिळते. बुद्धिबळाच्या पटावर घोड्याने प्रत्येक घरात एकदाच जाऊन सर्व घरे पालथी घालायची, या कोड्याचा महाराजांना विलक्षण नाद होता. अशा फेरीतून जादूचे चौरस साधण्याचे त्यांचे प्रयोग गणिती मनोरंजनाच्या इतिहासात नोंदले गेले आहेत. हे कोडे टिकवण्यासाठी सोनेरी वर्ख लागला नाही की लाखकाम लागले नाही. घोड्याची अडीच घरांची चाल एवढा नियम पुरला. म्हणूनच ते गणितज्ञांच्या हातात फिरत राहिले. आठ बाय आठच्या पटावर सर्व आडव्या व उभ्या ओळींची बेरीज २६० येईल अशा फेऱ्या किती, याचे उत्तर २००३ मध्ये संगणकाने सर्व शक्यता तपासून दिले. एकमेकींची फिरवलेली वा आरशातली रूपे एकच धरली, तर अशा फेऱ्या १४० आहेत, आणि दोन्ही कर्णांचीही बेरीज तेवढीच येईल अशी एकही नाही. राजवाड्यातील करमणूक दीड शतकाने संगणकाच्या कसोटीला उतरू शकली, कारण तिचा नियम शाबूत होता.

म्हैसुरातील रामसन्स कला प्रतिष्ठान ही संस्था 'क्रीडाकौशल्य' या नावाने पारंपरिक पटखेळांची प्रदर्शने भरवते. त्याच नावाचा संस्कृत ग्रंथ औरंगाबादच्या हरिकृष्ण पंडितांनी १८७१ मध्ये लिहिला होता, आणि त्यात खेळांचे नियम सांगितले आहेत. या प्रदर्शनांतील पट देशभरातील कारागिरांकडून करवून घेतलेले असतात, म्हणजे त्यांचे बाह्यरूप नवे असते. पण सोंगट्या आणि कवड्या हाताळण्यासाठी असतात, आणि पट मांडून खेळता येतो. नूतनीकरणाची ही रीत अधिक खरी आहे. रूप बदलले तरी चालते. खेळता आले पाहिजे.

आता संगणकाकडे वळू. पॉइंट अँड क्लिक साहसखेळात चित्र कोणते आणि नियम कोणता? १९८७ मध्ये 'मेनियाक मॅन्शन'साठी लुकासफिल्मच्या रॉन गिल्बर्ट आणि अॅरिक विल्मंडर यांनी 'स्कम' नावाची प्रणाली तयार केली. तिच्यात कथेची संहिता आणि ती चालवणारे यंत्र वेगळे ठेवले होते. 'दार उघड', 'किल्ली उचल', 'चाच्याशी बोल' या क्रियांचे परिणाम संहितेत लिहिलेले असत आणि प्रत्येक संगणकासाठी वेगळा लिहिलेला दुभाष्या ती संहिता वाचून दाखवी. या रचनेमुळेच २००१ मध्ये 'स्कमव्हीएम' हा मुक्त प्रकल्प उभा राहू शकला. स्वयंसेवकांनी नवा दुभाष्या लिहिला आणि जुन्या फ्लॉपींवरच्या फाइली, त्यांतील एक अक्षरही न बदलता, आजच्या मोबाइलवर चालू लागल्या. गंजिफाच्या भाषेत सांगायचे तर इथे पानेही मिळाली आणि डावही मांडता आला.

मग रीमास्टरची गरजच काय, असा आक्षेप इथे येतो. जुनी गेम जशीच्या तशी चालत असेल तर तिला रंग कशाला द्यायचा? हा आक्षेप गंभीर आहे, पण 'जशीच्या तशी' या शब्दांत एक भौतिकशास्त्रीय अडचण दडलेली आहे.

त्या काळच्या गेमचे चित्र ३२० गुणिले २०० ठिपक्यांचे, म्हणजे एकूण ६४,००० ठिपक्यांचे असे. ते ४:३ प्रमाणाच्या पडद्यावर पसरवले जाई, त्यामुळे प्रत्येक ठिपका चौरस नसून रुंदीच्या १.२ पट उंच असे. आजच्या पडद्यावरचे ठिपके चौरस असतात. प्रमाण न जुळवता तेच चित्र दाखवले तर माणसे बुटकी आणि रुंद दिसतात. शिवाय जुन्या काचनळीच्या पडद्यावर इलेक्ट्रॉनांचा झोत फॉस्फरच्या थरावर आदळे. उमटणाऱ्या ठिपक्याची कडा मऊ असे आणि तेज मध्याकडून बाहेर ओसरत जाई. सोळाच रंग हाताशी असलेले चित्रकार दोन रंगांचे ठिपके आळीपाळीने ठेवून तिसऱ्या रंगाचा भास निर्माण करीत. ते मिश्रण काही अंशी पडद्यावर होई आणि उरलेले पाहणाऱ्याच्या डोळ्यात. आजच्या धारदार पडद्यावर तीच जागा बुद्धिबळाच्या पटासारखी दिसते. फाइल तीच असली तरी चित्र ते राहिलेले नाही. जतन केलेली प्रतसुद्धा अशा रीतीने एक अर्थच लावत असते.

रीमास्टर या अडचणीवर उपाय करू पाहते, पण त्याची किंमतही मोजावी लागते. १९२० गुणिले १०८० च्या पडद्यावर सुमारे २०,७३,६०० ठिपके असतात, म्हणजे जुन्या चित्राच्या ३२ पट. एका जुन्या ठिपक्यामागे सुमारे ३१ ठिपके नव्याने ठरवावे लागतात. ही माहिती मूळ फाइलमध्ये नाहीच. ती चित्रकाराच्या कल्पनेतून किंवा संगणकाच्या अंदाजातून येते. नसलेली माहिती कोणत्याही गणिताने परत मिळवता येत नाही. तिच्या जागी पटण्याजोगे काहीतरी ठेवता येते, इतकेच. म्हणून प्रत्येक रीमास्टर हे एक भाष्य असते. भाष्य असण्यात गैर काहीच नाही. ज्ञानपरंपरा भाष्यांवरच चालते. परंतु मूळ ग्रंथ बाजूला काढून भाष्यच मूळ म्हणून ठेवले, तर वाचकाची फसवणूक होते.

'ब्लेड रनर' या १९९७ च्या गेमने हे दाखवून दिले. तिची मूळ संगणकसंहिता स्टुडिओच्या स्थलांतरात हरवली होती. स्कमव्हीएमच्या स्वयंसेवकांनी अनेक वर्षे खपून तिची कार्यपद्धती उलगडली आणि २०१९ मध्ये गेम पुन्हा चालती केली. २०२२ मध्ये व्यावसायिक 'सुधारित' आवृत्ती आली तेव्हा तिच्यातील चित्रांचा तपशील उलट पुसला गेल्याची तक्रार झाली. मूळ आवृत्ती स्वतंत्रपणे मिळेनाशी झाल्याने वाचा फुटली आणि विक्रेत्या संकेतस्थळाला ती पुन्हा वेगळी विकायला ठेवावी लागली. याउलट 'ग्रिम फँडँगो' (१९९८) च्या २०१५ मधील आवृत्तीत मूळ रूप एका कळीवर उपलब्ध होते, आणि माउसने खेळण्याची जी सोय एका चाहत्याने परस्पर तयार केली होती, तिलाही मानाने स्थान मिळाले.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना हा सारा प्रकार करमणुकीपुरता वाटत असेल तर त्यांनी हँबुर्गच्या डेझी प्रयोगशाळेतील 'जेड' प्रयोगाचा इतिहास पाहावा. १९७९ ते १९८६ या काळात पेट्रा त्वरकावर त्याने इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांच्या टकरी नोंदवल्या. दहाएक वर्षांनी तीव्र आंतरक्रियेचा सिद्धान्त बराच प्रगत झाला, आणि ऊर्जेनुसार तिचे बळ कसे बदलते हे तपासण्यासाठी त्याच कमी ऊर्जेच्या नोंदींची गरज भासली. नवे त्वरक त्या ऊर्जेच्या फार पुढे गेले होते. नोंदी उरल्या होत्या, पण त्या वाचणारे प्रोग्रॅम कालबाह्य यंत्रांसाठी लिहिलेले होते आणि काही माहिती केवळ जुन्या छापील कागदांवर शिल्लक होती. संशोधकांनी ते प्रोग्रॅम नव्या यंत्रांवर पुन्हा उभे केले, आणि जुन्या टकरींतून नवे भौतिकशास्त्र निघाले. आकडे सांभाळणे म्हणजे प्रयोग सांभाळणे नव्हे, हा धडा त्यातून मिळाला. भिंतीवरची गंजिफा आणि प्रोग्रॅमविना उरलेली फीत यांची अवस्था एकच असते.

रीमास्टरच्या बाजूने आणखी एक मुद्दा आहे, आणि मराठी वाचकाला तो जवळचा वाटावा. हे खेळ भाषेवर चालतात. विनोद, कोडी, संवाद, सारे शब्दांत असते. जुनी प्रणाली एका अक्षराला एक बाइट आणि एक ठरीव चित्र देई. देवनागरीत ते भागत नाही. 'कि' मधील वेलांटी उच्चारात नंतर येते आणि लिहिताना आधी. 'क्ष' किंवा 'र्य' लिहिताना अक्षरांची रूपेच बदलतात. ही जुळणी करणारी यंत्रणा १९९० च्या गेममध्ये नव्हती. नव्या यंत्रणेवर उभारलेल्या रीमास्टरमध्ये ती सहज घालता येते. अक्षरे मोठी करणे, ऐकू न येणाऱ्यांसाठी संवाद लिहून दाखवणे, स्पर्शपडद्यावर खेळता येणे, या सोयीही त्यातच येतात. मूळ प्रत अभ्यासकाला पुरते. बारा वर्षांच्या मुलीला आत यायचे तर दार थोडे रुंद करावे लागते.

तेव्हा रीमास्टर करणे योग्यच आहे, पण तीन अटींवर. पहिली, मूळ आवृत्ती त्याच किमतीत, शक्यतो एका कळीच्या अंतरावर मिळाली पाहिजे. दुसरी, नूतनीकरण करताना सापडलेली मूळ संहिता आणि चित्रे एखाद्या सार्वजनिक संग्रहात जमा झाली पाहिजेत. तिसरी, खेळाची वागणूक, म्हणजे कोडी, त्यांचा क्रम, विनोदाची वेळ, बदलली असेल तर तसे स्पष्ट सांगितले पाहिजे. या अटी पाळल्या नाहीत, तर जे घडते ते नूतनीकरण नव्हे, बदली असते.

बाजारावर सोडून हे होणार नाही. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत, तिथे २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या गेमपैकी ८७ टक्के आता बाजारात मिळत नाहीत असे आढळले. रीमास्टरचे भाग्य मोजक्या नामांकितांनाच लाभते. ग्रंथालयांनी हे काम करावे म्हटले तर कायदा आडवा येतो. भारताच्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी इलेक्ट्रॉनिक प्रत ठेवू देते, पण ग्रंथालयाकडे त्या कृतीची बिगर-डिजिटल प्रत असावी अशी अट घालते. पुस्तकाच्या दृष्टीने ही अट रास्त आहे. जन्मतःच डिजिटल असलेल्या कृतीची बिगर-डिजिटल प्रत आणायची कुठून? ही त्रुटी दूर करण्याची मागणी विद्यापीठांनी आणि ग्रंथालयांनी करायला हवी, आणि ती आताच करायला हवी, कारण चुंबकीय फिती आणि फ्लॉपी कोणाच्या परवानगीची वाट पाहत नाहीत.

तोपर्यंत विद्यार्थ्यांच्या हाती दोन गोष्टी आहेत. स्कमव्हीएमसारखे प्रकल्प मुक्त आहेत. त्यांची संहिता वाचता येते, तिच्यात भर घालता येते, आणि यंत्र कसे उलगडावे याचा त्याहून चांगला पाठ सहसा मिळणार नाही. दुसरी गोष्ट त्याहून सोपी आहे. सावंतवाडीला किंवा म्हैसूरला जाऊन गंजिफाचा संच घेतलाच, तर तो चौकटीत घालू नये. नियम शोधावेत, तीन गडी जमवावेत, पाने पिसून वाटावीत. डाव दिवसा मांडला असेल तर रामाच्या राजाने उतारी करावी.